आईला अजून सांगितलेलं नाही

सोफेवाल्यांना आपली बायको गेल्याचं कळलं ते तिचाच आवाज ऐकून.

हॉस्पिटलातून घरी येऊन त्यांना थोडे दिवस झाले होते. पलंगावरून उठायचं, भिंतीला धरून खिडकीपर्यंत जायचं, तिथल्या खुर्चीत बसून दम खायचा आणि पुन्हा पलंगावर यायचं, एवढाच त्यांचा दिवस. त्या दुपारी ते खुर्चीत डोळे मिटून बसले होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. घोगरा, थकलेला, पण तिचाच.

"मी बरी आहे हो. तुम्ही नीट जेवा. माझी काळजी करत बसू नका."

ती घरी आली! न सांगता आली! सोफेवाले काठी न घेताच उठले. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात बायको आहे, तिथून रोज फोनवर दोन वाक्यं बोलून पाठवते, एवढं त्यांना माहीत होतं. आज तिला सोडलं असणार आणि मला चकित करायचं म्हणून ही मंडळी गप्प बसली असणार, असं म्हणत ते भिंतीला हात लावत निघाले. चार पावलांवर दम लागला. दाराच्या चौकटीला धरून ते उभे राहिले आणि आत बघितलं.

आत त्यांची मेव्हणी पाठमोरी उभी होती. बायकोची धाकटी बहीण. घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. फोन तिनं तोंडाजवळ धरला होता. पहिल्यांदा बोललेलं तिला पसंत पडलं नसावं, कारण तिनं घसा दाबून तेच पुन्हा म्हटलं, "मी बरी आहे हो. तुम्ही नीट जेवा."

मग तिला मागे कोणीतरी असल्याचं जाणवलं. ती वळली.

"धाकटे, ती कुठे आहे?"

धाकटीनं फोन खाली केला. ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून त्यांची मुलगी न्हाणीघरातून बाहेर आली. तिनं मावशीकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं.

"बाबा, आधी बसा बघू."

"ती कुठे आहे?"

"बाबा, बसा ना. तुम्हाला दम लागलाय."

"तुझी आई कुठे आहे, ते सांग आधी."

"आई नाहीये, बाबा," मुलगी म्हणाली. "तुम्ही आयसीयूत होतात ना, तेव्हाच गेली."

सोफेवाले तिथंच फरशीवर बसले. आणि मग ते घरी आल्यापासून या घरात उठता-बसता जे चालायचं तेच झालं. कोणी रडायच्या आधी मुलगी धावत जाऊन बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं ते छोटं यंत्र घेऊन आली. बापाचं बोट त्यात अडकवलं आणि तिघंही त्या लाल आकड्याकडे बघत बसली. आकडा खाली उतरला. आणखी उतरला. थांबला. हळूहळू पुन्हा चढला. तो चढल्यावर मुलीला रडू फुटलं.

सोफेवाले म्हणजे मोडक्या सोफ्यांना, खुर्च्यांना नवं करून देणारे कारागीर. ते सांगाडा ठोकत, स्प्रिंगा बसवत, फोम कापत. बायको मशिनवर खोळी शिवायची. खोळ चढवताना दोघं दोन बाजूंनी ओढायची आणि "जरा जोर लावा, काय जेवला नाहीत का?" असं तीच त्यांना म्हणायची. साथ आली तेव्हा दोघंही एकाच आठवड्यात तापली. एका हॉस्पिटलात एकच पलंग मिळाला. तो त्यांना दिला, कारण त्यांचा आकडा जास्त खाली होता. तिच्यासाठी दुसरीकडे शोधाशोध चालली होती. त्यांना गाडीत घालताना ती दारात उभी राहून ओरडली, "चार्जर घेतला का?" तिचं त्यांनी ऐकलेलं शेवटचं बोलणं ते.

त्यानंतर जे ऐकलं ते तिचं नव्हतं, हे त्यांना आता कळत होतं. नाकातोंडावर घट्ट मास्क, पालथं निजवलेलं, डोक्याशी टीं टीं करणारं यंत्र, शेजारचा पलंग सकाळी भरलेला आणि दुपारी रिकामा. अशा वेळी एक नर्स फोन त्यांच्या कानाशी धरायची. "काका, काकूंचा मेसेज आलाय, ऐका." त्या घोगऱ्या आवाजासाठी ते पुढचा श्वास ओढायचे. तो झाला की त्याच्या पुढचा.

घरी आल्यावर तरी काय? खिडकीत बसून ते समोरच्या न्हाव्याशी गप्पा मारायचे. "बायको आली की बघा, पहिल्यांदा मला झापेल. मशिनवर धूळ बसलीय म्हणून." न्हावी "हो हो" म्हणायचा आणि गिऱ्हाईक नसतानाही आत जायचा. किराणावाला, कुरिअरवाला, वरच्या मजल्यावरच्या बाई, सगळ्यांना माहीत होतं! अख्ख्या रस्त्याला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त ज्याची बायको गेली होती त्याला.

तो दिवस रडण्यात गेला. संध्याकाळी धाकटीजवळ असलेला तिच्या ताईचा फोन वाजला. तिनं नाव बघितलं, डोळे पुसले, पाण्याचा घोट घेतला आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

"कोणाचा फोन?" सोफेवाल्यांनी विचारलं.

मुलगी खाली बघून म्हणाली, "आजीचा."

"मग दार कशाला लावलं?"

दाराआडून तोच घोगरा आवाज आला. "हो आई. आज बरं वाटतंय. नाही गं, घसा अजून बसलेलाच आहे."

तेव्हा सोफेवाल्यांना उलगडलं. सासूबाईंनाही सांगितलेलं नव्हतं. त्यांची थोरली लेक त्यांच्या लेखी जिवंत होती आणि रोज संध्याकाळी त्यांच्याशी बोलत होती! लहानपणापासून या दोन बहिणींचे आवाज सारखे. त्यात या आजारात घसा बसतो हे घरोघर ठाऊक झालेलं. कोणाला शंका यायचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेव्हणा आला. सासूबाई त्याच्याकडेच राहायच्या. बँकेत कारकून, स्वभावानं सरळ, पण या काही आठवड्यांत डोळ्यांखाली काळं धरलेलं. त्यानं सोफेवाल्यांचे दोन्ही हात हातात घेतले. मग म्हणाला, "भाऊजी, तुम्हाला कळलं ते एका परीनं बरं झालं. पण आईला एवढ्यात नको. तिचं हृदय नाजूक आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, धक्का नको."

"मग कधी सांगायचं?"

"बघू. जरा सावरू दे तिला. पण भाऊजी, तिनं तुमच्याशी बोलायचा हट्ट धरलाय. तुम्ही फक्त एवढंच म्हणा, ती झोपलीय."

सोफेवाले नाही म्हणणार होते. पण मेव्हण्यानं फोन लावलासुद्धा आणि पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापू? कसे आहात हो? बरं वाटतंय ना आता? माझी थोरली कुठे आहे? घरी सोडलं म्हणे तिला."

घरी सोडलं असंही यांनी सांगून टाकलं होतं तर! मेव्हणा हात जोडून समोर उभा होता.

"ती... ती झोपलीय, आई."

"झोपू दे, झोपू दे," सासूबाई घाईनं म्हणाल्या. "उठवू नका हो तिला. दमली असेल माझी लेक."

फोन ठेवल्यावर सोफेवाल्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. पाठ चोळता चोळता मुलगी घाबरली. यंत्र आलं, आकडा बघितला गेला. आकडा ठीक होता. पण त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. बायकोच्या मरणाबद्दल ते आता स्वतःच्या तोंडानं खोटं बोलले होते. तेही तिच्या आईशी!

पुढच्या तपासणीला मुलीनं त्यांना डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नेलं. या बाई दोन्ही घरांच्या डॉक्टर, स्पष्टवक्त्या, दिवसभर मास्क लावून कानामागे वळ उठलेल्या. त्यांनी छाती तपासली, चालायला लावलं, पुन्हा छाती तपासली.

"फुप्फुसं हळूहळू ताळ्यावर येतील. काम सुरू केलंत?"

"कसलं काम, बाई! आम्ही खिळे ओठांत धरून ठोकतो. ओठ मिटले की दम कोंडतो."

"मग खिळे डबीत ठेवा. डबी काय महाग आहे? आणि झोप?"

"झोप नाही."

"श्वासाची भीती वाटते?"

"ती तर वाटतेच. डोळा लागला की वाटतं, आपण श्वास घ्यायला विसरू. पण बाई, वेगळंच विचारायचंय. तुम्ही सासूबाईंना काही कळू देऊ नका असं का सांगितलंत?"

बाईंनी कानातून स्टेथोस्कोप काढला. "मी? मी असं म्हणाले?"

"मेव्हणा म्हणतो."

"तुमच्या मेव्हण्याचा फोन आला तेव्हा सासूबाईंना ताप होता. मी म्हटलं, ताप उतरू दे, मग जवळ बसून सांगा. ताप उतरून किती काळ लोटला! मी एक चमचा औषध दिलं आणि तुम्ही लोकांनी बाटली रिकामी केलीत."

"मलाही कुठे सांगितलं कोणी!"

"तुमचं वेगळं होतं. तुम्ही पालथे पडला होतात, एकेक श्वास मोजून घेत होतात. त्या वेळी मीही नसतं सांगितलं. पण तुम्ही घरी आलात, चहा पिऊ लागलात, खिडकीत बसून गप्पा मारू लागलात. त्यानंतर तुमच्यापासून लपवायचा हक्क कोणालाच नव्हता. तुमची बायको गेली होती, त्यांची नव्हे."

सोफेवाल्यांनी शर्टाची बटणं लावली. मग हळूच म्हणाले, "पण सांगितलं आणि त्यांना काही झालं तर?"

"होऊ शकतं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला खोटा धीर कशाला देऊ? दुःखानं माणूस आजारी पडतो. पण न सांगताही त्यांना काही होऊ शकतं. वय झालंय. मग त्या अशा लेकीची वाट बघत जातील जी या जगात नाही. ते चालेल तुम्हाला?"

"नाही."

"मग? आपण म्हणतो, म्हाताऱ्या माणसाला सोसणार नाही. अहो, त्या बाईंनी नवरा पोचवलाय, तीन पोरं एकटीनं वाढवलीत. त्यांना सोसतं. सोसत नाही ते आपल्याला. त्यांचा चेहरा बघायची भीती आपल्याला वाटते आणि नाव आपण त्यांच्या हृदयाचं घेतो!"

सोफेवाले उठले. दारापर्यंत गेल्यावर बाईंनी पुन्हा हाक मारली.

"फोनवर सांगू नका. समोर बसा. सीरियस आहे, काही खरं नाही, असले आडवळणाचे शब्द नकोत. गेली, असं स्वच्छ सांगा. आणि सांगून पळू नका. त्या विचारतील ते माहीत असेल तर सांगा, नसेल तर माहीत नाही म्हणा. त्यांच्या गोळ्यांचं मी बघते. काही वाटलं तर मला बोलवा, मी येईन."

घरी मेव्हणा वाट बघत होता. सोफेवाल्यांनी डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगितलं तसा तो उसळला.

"भाऊजी, तुमचं काय जातंय? तुम्ही सांगाल आणि घरी याल. आईला काही झालं तर तिला उचलून धावायचं मला! पलंग शोधत कोण फिरलं होतं त्या वेळी? मी! ताईला गाडीत कोणी घातलं? मी! आणखी एकदा मला ते जमणार नाही."

"ते मी विसरलो नाही."

"आणि तुम्ही स्वतः? तुम्ही त्या आवाजावर जगलात, भाऊजी! नर्स मला सांगायची, मेसेज ऐकवला की यांचा आकडा वर जातो. खोटं आहे हे?"

"खरं आहे," सोफेवाले म्हणाले.

"मग?"

सोफेवाल्यांना दम लागला होता. त्यांनी हातानं थांबायची खूण केली.

"खरं आहे," ते पुन्हा म्हणाले. "म्हणून तर तुमच्यावर रागावताही येत नाही. पण घरी आल्यावर मी त्या खिडकीत बसून हसत होतो. ती आली की काय म्हणेल, काय करेल, सगळ्यांना सांगत होतो. मला आता आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं. तुम्ही सगळे रडून मोकळे झालात आणि माझं आता सुरू होतंय. एकट्याचं. तुझ्या आईचं असंच करायचंय का?"

"कोण रडून मोकळं झालं?" धाकटी एकदम म्हणाली. ती आतापर्यंत दारात उभी होती. "मी? मी कधी रडले? तुम्ही सगळे ताईसाठी रडलात. मी कशी रडणार? मला संध्याकाळी ताई व्हायचं असायचं! रडून घसा आणखी बसला तर आई विचारेल, असं वाटायचं. आणि ती मला काय विचारते माहिताय? म्हणजे ताईला विचारते. 'धाकटी कशी आहे गं? हल्ली फोनच करत नाही. तिला म्हणावं, आई अजून आहे, मेली नाहीये.' आणि मी म्हणते, 'सांगते हं, आई.' माझीच तक्रार माझ्याकडे!"

हे सांगताना तिला हसू आलं. मुलीलाही आलं. पण धाकटीचं हसू थांबेना आणि बघता बघता त्याचं रडं झालं. ती भाचीच्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी रडली की मेव्हणा तोंड फिरवून उभा राहिला.

"उद्या बघू," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

"उद्या नको," धाकटी हुंदके देत म्हणाली. "आईनं पिशवी भरून ठेवलीय, दादा. या रविवारी ती ताईच्या सेवेला इथं येणार आहे. काल मला सांगत होती, 'तुझं डोकं मी धुऊन देईन.' दादा, आता मला नाही जमत. मी फोन उचलणार नाही."

मेव्हण्यानं भिंतीवरून नजर काढली. मग म्हणाला, "सकाळी जाऊ. पण सांगायचं तुम्ही, भाऊजी. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

मेव्हण्याच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. आजारानंतर सोफेवाले पहिल्यांदाच जिना चढत होते. कठड्याला धरून एक पायरी, थांबायचं, श्वास आत, फुंकर घातल्यासारखा बाहेर, मग पुढची पायरी. धाकटी मागे होती, पाणी घेऊन. दम जिन्याचा होता की भीतीचा, ते त्यांना कळत नव्हतं. वर एक बाई खुशीत बसली आहे. आपण पोचलो की तिची खुशी संपणार. मग आपण हळूच चढावं, आणखी हळू चढावं, असं त्यांना वाटत होतं. तिचं हृदय आपल्यासमोर थांबलं तर? मुलं म्हणतील, भाऊजींनी मारलं आईला.

मधल्या जिन्यावर ते पायरीवरच बसले. मेव्हणा पुढं गेला होता, तो परत खाली उतरला आणि त्यांच्या शेजारी बसला.

"भाऊजी, चला परत. मला भीती वाटते."

"आणि मला काय जत्रेला निघाल्यासारखं वाटतंय?" सोफेवाले म्हणाले. "हात दे. उठव मला."

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "किती वाळलात हो, जावईबापू! ये गं धाकटे, आठवण झाली का आईची? आणि थोरली? तिला एकटीला घरी ठेवून आलात?" असं म्हणत त्यांनी खुर्ची पुढे केली, पंखा लावला, पाणी आणलं. कोपऱ्यात भरलेली पिशवी होती. वर घडी केलेला टॉवेल आणि शिकेकाईची पुडी.

"आई, बसा जरा," सोफेवाले म्हणाले.

"बसते हो. चहा टाकते आधी."

"नको चहा. इथं बसा. माझ्याजवळ."

त्या आवाजात काहीतरी होतं. सासूबाई बसल्या. सोफेवाल्यांनी त्यांचा हात धरला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले शब्द त्यांनी वाटभर घोकले होते.

"आई, थोरली गेली."

"कुठे गेली?"

"गेली, आई. वारली. मी हॉस्पिटलात होतो तेव्हाच. या आजारात."

सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग मुलाकडे बघितलं. मुलगा रडत होता. मेव्हण्यानं गोळीची डबी उघडली. त्यांनी ती हातानं बाजूला सारली.

"मग फोनवर कोण बोलत होतं?"

धाकटी पुढे आली आणि त्यांच्या पायाशी बसली. काही सांगायची गरज उरली नाही.

"तू?" सासूबाई म्हणाल्या. "तू बोलत होतीस?" आणि मग अशी गोष्ट त्यांच्या तोंडून आली जी तिघांच्याही डोक्यात कधी आली नव्हती. "मला वाटलं, ती माझ्यावर रागावलीय! दोन शब्द बोलायची, फोन ठेवायची. जुनं काही काढलं की टाळायची. तिच्या बाळंतपणात मी गेले नव्हते, ते तिनं मनात ठेवलं असेल, असं वाटलं मला. रोज माफी मागत होते मी तिची. आणि ती काहीच बोलायची नाही. 'राहू दे आई' म्हणायची. इतके दिवस मी जळत होते की माझी लेक मला माफ करत नाही!"

अरे देवा! जिला धक्का बसू नये म्हणून हे सगळं केलं होतं ती रोज संध्याकाळी फोन ठेवून एकटी रडत होती! आणि तिला समजावणारं कोणी नव्हतं, कारण तिचं दुःख काय आहे हेच कोणाला माहीत नव्हतं.

"ताई नव्हती गं रागावली," धाकटी म्हणाली. "कधीच नव्हती. मला काय बोलावं ते सुचायचं नाही, आई."

सासूबाईंनी आता आवाज काढून रडायला सुरुवात केली. मेव्हणा जमिनीवर बसला आणि आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. "मला वाटलं तूही जाशील," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. सासूबाईंचा एक हात त्याच्या डोक्यावर होता, दुसरा धाकटीच्या. कोणाच्या बोटाला यंत्र लावायचं कोणाला आठवलं नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी धाकटीची हनुवटी वर केली. "आणि तू हे एकटीनं केलंस? रोज? वेडे, तुझी बहीण गेली होती ना गं!"

मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. कधी गेली. ताप किती होता. घरून निघताना काय नेसली होती. मेव्हण्यानं जे ठाऊक होतं ते सांगितलं. हॉस्पिटलात कोणाला आत सोडत नव्हते, हे सांगितलं. अंत्यसंस्काराच्या वेळी तो आणि भाची लांब कठड्यापलीकडे उभे होते, हेही सांगितलं. त्या सगळं ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या.

"शेवटी तिच्याजवळ कोण होतं?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी तिघांकडे एकेकदा बघितलं.

"आई, माहीत नाही," सोफेवाले म्हणाले.

त्यानंतर सासूबाई आजारी पडल्याच नाहीत, असं नाही. ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या, गोळी बदलून गेल्या. काही दिवस सासूबाई अंथरुणातच होत्या, मुलं आळीपाळीनं उशाशी बसून होती. मेव्हण्याचा जीव टांगणीला लागला होता, पण या वेळी तो आईसमोर बसून घाबरत होता, तिच्यापासून लपून नव्हे. हळूहळू त्या उठल्या. पिशवी घेऊन सोफेवाल्यांकडे राहायला आल्या. नातीचं डोकं धुऊन दिलं. धाकटी रोज फोन करते, आपल्या आवाजात, आणि रोज बोलणी खाते.

सोफेवाले खिळे डबीत ठेवून काम करू लागले आहेत. थोडं ठोकायचं, थोडं बसायचं. खोळी आता बाहेरून शिवून आणाव्या लागतात. चढवताना दुसरं टोक मुलगी धरते. पुढच्या खोलीत ते सावकाश हिंडतात, श्वासाची भीती अजून जात नाही. पण झोप लागते.

वाचकहो, या साथीत आपल्यापैकी किती घरांत असं झालं असेल! कोणाला वाईट हेतू नव्हता. प्रेमापोटीच केलं सगळ्यांनी. पण ज्याचं माणूस गेलं त्याला ते कळायलाच हवं. तापात, यंत्रावर असताना थोडं थांबा, डॉक्टरांना विचारा. पण शुद्धीवर आलेल्या, सावरलेल्या माणसाला त्याच्याच दुःखाबाहेर उभं करू नका, मग तो आजारी असो की म्हातारा. जवळ बसा, हात धरा, सरळ शब्दांत सांगा आणि सांगून झाल्यावर तिथंच थांबा. आजारातून वाचलेल्या माणसाला औषध लागतं, हवा लागते, विश्रांती लागते. तितकंच त्याला रडायलाही मिळालं पाहिजे, आणि तेही आपल्या माणसांबरोबर, त्यांच्या मागून एकट्याला नव्हे.

सासूबाईंच्या त्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून मिळालेलं नाही. थोरलीला ठेवलं होतं त्या हॉस्पिटलात जाऊन विचारायला हवं, त्या दिवशी कामावर कोण होतं ते शोधायला हवं. सोफेवाले एकदा फाटकापर्यंत जाऊन परत आले. आत जायचं राहिलं आहे.